वाचकांचे प्रश्न : वहीतल्या अळ्या आणि तापाचा पहिला दिवस

प्रश्न : पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरी येतात, पिंप-कूलर बघतात, वहीत काहीतरी लिहितात आणि जातात. औषध दरवेळी टाकत नाहीत. मग या फेरीचा उपयोग काय? (सिडको)

उत्तर : ते एडिस डासाच्या अळ्या मोजतात, आणि डेंग्यूच्या बाबतीत ही वही औषधाइतकीच कामाची आहे. रुग्णांचा आकडा उशिरा कळतो. विषाणू डासाच्या पोटातून लाळेत उतरायला ८ ते १२ दिवस लागतात, चावल्यावर ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. म्हणजे आज दवाखान्यात दिसणारी गर्दी ही दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या डासांची करामत असते. अळ्या मात्र आजच्या आज मोजता येतात.

हिशेब असा. समजा १०० घरं तपासली, त्यांत पाण्याची ३०० भांडी सापडली. ८ घरांत मिळून १२ भांड्यांत अळ्या निघाल्या. घर निर्देशांक (शंभर घरांत अळ्यांची घरं किती) ८, भांडी निर्देशांक (शंभर भांड्यांत अळ्यांची किती) ४, आणि दर १०० घरांमागे अळ्यांची भांडी किती, हे सांगणारा ब्रेटो निर्देशांक १२. आमच्या मते तिघांत शेवटचा जास्त बोलका, कारण एकाच घरात पाच पिंपं असतील तर तेही त्यात उमटतं. तरी त्याला एक खोट आहे : कुंडीखालची बशी आणि २०० लिटरचं पिंप त्यात सारखंच धरलं जातं, डास मात्र पिंपातून कितीतरी जास्त निघतात. म्हणून अनुभवी माणूस कोषही, म्हणजे अळी आणि डास यांच्या मधली अवस्थाही, बघतो. बऱ्याच अळ्या वाटेतच मरतात, पण स्वल्पविरामासारखा वाकडा कोष दिसला की दोनेक दिवसांत डास उडणार हे जवळपास नक्की. कोष काही खात नाही, त्यामुळे पाण्यात टाकलेलं अळीनाशक त्याला फारसं लागत नाही. ते पाणी ओतूनच द्यावं लागतं.

घरी बघायचं तर पाणी न ढवळता टॉर्च मारा. सावली पडली की अळ्या तळाला पळतात. दोन मिनिटं थांबा, श्वास घ्यायला त्या वर येतातच. आणि पिंप नुसतं रिकामं करू नका. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरड्यात काही महिने तग धरतात. पाणीकपात संपून पिंप पुन्हा भरलं की त्याच अंड्यांतून अळ्या निघतात. काथ्याने आतून खसाखसा घासा, उपडं करून वाळवा, मग भरा. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणूनच सगळी भांडी रिकामी करून वाळवायचा 'कोरडा दिवस' आठवड्यातून एक. फ्रिजच्या मागचा ट्रे सगळे विसरतात.

प्रश्न : आम्ही नासर्डी नदीच्या काठाला राहतो. डास तिथूनच येतात, तरी धुराची गाडी आठवड्यात एकदाच फिरते. रोज नको का?

उत्तर : नाल्याच्या घाण पाण्यातला डास बहुधा क्युलेक्स. तो रात्री चावतो, हत्तीरोग पसरवतो, डेंग्यू नव्हे. एडिसला घरातलं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी हवं असतं. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी, आणि एरवी पलंगाखाली किंवा टांगलेल्या कपड्यांत बसून राहतो. धूर फक्त उडत्या डासाला मारतो. गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे एडिस घरात सुखरूप! खिडक्या उघडा, अन्न-पाणी झाका. रुग्ण निघालेल्या गल्लीत विषाणू घेऊन फिरणारी मादी मारायला धूर हवाच, पण अळ्यांना तो लागत नाही. पिंपं तशीच राहिली तर दोन-तीन दिवसांत नवे डास हजर.

प्रश्न : मुलाची डेंग्यूसाठीची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली, नंतर दुसऱ्या लॅबमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह. पहिली लॅब चुकली का? (इंदिरानगर)

उत्तर : तसंच असेल असं नाही. पहिली चाचणी कितव्या दिवशी केली? एनएस-१ हे विषाणूचंच प्रथिन, ते पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं. आयजीएम ही शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, ती साधारण पाचव्या दिवसापासून. सहाव्या दिवशी एनएस-१ केली तर डेंग्यू असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर एनएस-१ आणखी लवकर मावळतं.

म्हणून ताप कोणत्या तारखेला चढला, ते कागदावर लिहून ठेवा. साथीचा आलेख काढतानाही हीच तारीख धरतात. अहवालाची तारीख धरली तर सुट्टीनंतरच्या सोमवारी साथ उसळल्यासारखी वाटते. झटपट चाचणीचं कार्ड पॉझिटिव्ह आलं तरी सरकारी नोंदीत रुग्ण 'संभाव्य'च राहतो, खात्री प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीने होते. आयजीएमचे एलायझा संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था निवडक सरकारी केंद्रांना पुरवते. खासगी आणि सरकारी आकड्यांतली तफावत बरीचशी इथून येते.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. धोक्याचे दिवस तिथेच सुरू होतात. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉल चालेल; अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मात्र नको.

प्रश्न : २०२२ मध्ये मालेगावात गोवर पसरला. बहुतेक मुलांना लस मिळालेली असते, तरी साथ कशी येते? (मालेगाव)

उत्तर : 'बहुतेक' गोवराला पुरत नाहीत. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना गोवर देतो. १५ धरू. साथ थांबायची तर त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित हवेत, म्हणजे सुमारे ९३ टक्के. नवव्या महिन्याचा एक डोस साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण देतो. शंभर टक्के मुलांना तो दिला तरी गणित जमत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा. शहराची सरासरी चांगली असूनही एखाद्या मोहल्ल्यात लस न घेतलेली मुलं एकगठ्ठा असली की गोवर तिथे शिरतो. त्यात पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल संसर्ग देत असतं.

प्रश्न : डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे कुठे सोडावेत?

उत्तर : हौद, कारंजी, वापरात नसलेल्या विहिरी. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी एवढं पुरे. गोदावरीत मात्र सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांवर ते कुरघोडी करतात.