एकाच संगणकात दोन डायल-अप मोडेम चालतात का? दुसरं कार्ड लावलं की पहिला मोडेम का अडकतो?

तुम्ही लिहिलंय की एक मोडेम व्यवस्थित चालतो, दुसरं कार्ड बसवलं की दोन्ही अडकतात आणि माऊसही गोठतो. शिवाय दोन मोडेम जोडून वेग खरंच दुप्पट होतो का, हेही विचारलंय. जवळपास होतो. मी बरेच महिने असं चालवलं आहे. पण कॅबिनेट उघडण्याआधी एक फोन करा.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दोन गोष्टी विचारा: मल्टीलिंक पीपीपी (दोन लाइन जोडून त्यांचं एकच कनेक्शन करण्याची पद्धत) आहे का, आणि एका खात्यावरून एकाच वेळी दोन लॉगिन चालतात का. मल्टीलिंकमध्ये प्रत्येक पॅकेटचे तुकडे करून त्यांना क्रमांक देतात. ते दोन्ही लाइनवरून जातात आणि पलीकडे क्रमांकाप्रमाणे पुन्हा जुळवले जातात. ही पद्धत १९९६ च्या ‘आरएफसी १९९०’ या क्रमांकाच्या इंटरनेट मानकात ठरवून दिली आहे. पलीकडे जुळवणारं कुणी नसेल, तर तुमच्याकडे नुसती दोन वेगळी कनेक्शन राहतात आणि एकच फाइल उतरवताना दुसऱ्याचा काडीचा उपयोग होत नाही. मला फोनवर ‘हो, चालतं’ असं सांगितलं होतं. दुसरा मोडेम मात्र रोज पासवर्डपाशी नाकारला जायचा, कारण खात्यावर एकाच लॉगिनची मर्यादा होती. म्हणून दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. फोनच्या लाइनही दोन हव्यात. एकाच लाइनच्या दोन एक्स्टेंशनवर दोन मोडेम लावले तर त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि कुणालाच काही कळत नाही.

आता तुमचं अडकणं. वर्णनावरून हे आयआरक्यूचं, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायला उपकरणाला दिलेल्या सिग्नलच्या क्रमांकाचं भांडण वाटतं. पीसीवर कॉम १ आणि कॉम ३ या सिरियल पोर्टना आयआरक्यू ४ असतो, कॉम २ आणि कॉम ४ ला ३. जुन्या आयएसए (मदरबोर्डवरच्या जुन्या प्रकारच्या स्लॉटमधल्या) कार्डांना आयआरक्यू वाटून घेता येत नाही. सिरियल माऊस कॉम १ वर आणि नवा मोडेम कॉम ३ वर असला, की मोडेमने नंबर फिरवायला घेताच माऊस जागीच थिजतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोडेमच बिघडला असं समजून दोन दिवस घालवले.

माझी मांडणी अशी होती: माऊस कॉम १ वर, आयआरक्यू ४. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन मदरबोर्डवरचा कॉम २ बंद केला आणि ती जागा, आयआरक्यू ३ सकट, पहिल्या मोडेमला दिली. दुसऱ्या कार्डाचा पत्ता कॉम ३ चाच ठेवला, पण त्यावरचा छोटा काळा जंपर (दोन पिना जोडणारं टोपण) चिमट्याने उचलून ४ वरून ५ वर बसवला. ५ बहुतेकदा साउंड कार्डाकडे असतो, तेव्हा आधी ते तपासा. लिनक्स असेल तर सेटसिरियल या कमांडने हा बदल सांगावा लागतो, नाहीतर ते जुनाच आकडा धरून बसतं.

बाहेरचे मोडेम असतील तर पोर्टची चिप १६५५०ए आहे ना, ते बघा. तिच्यात १६ बाइटचा बफर (तात्पुरती साठवण) असतो. आधीच्या चिपमध्ये एकच बाइट मावतो, त्यामुळे दोन्हीकडून भराभर डेटा आला की बाइट गळतात. प्रोसेसरच्या जिवावर चालणारे सॉफ्ट-मोडेम जुन्या मशीनवर दोन लावू नका.

विंडोज ९८ मध्ये कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये मल्टीलिंकचा टॅब आहे, तिथे दुसरा मोडेम जोडायचा.

व्ही.९० या मानकाच्या मोडेमवर सेकंदाला ५६ हजार बिट लिहिलेलं असतं, पण मला एका लाइनवर ४५ हजारांच्या आसपास मिळायचे. म्हणजे सेकंदाला साधारण ५ किलोबाइट. दोन्ही जोडल्यावर १० च्या जवळ, म्हणजे ५ मेगाबाइटची फाइल सतरा मिनिटांऐवजी साडेआठ मिनिटांत. त्या रात्री दोन्ही मोडेमचे आरडीचे (डेटा येत असल्याचे) दिवे एकसारखे लुकलुकताना मी नुसता बघत बसलो होतो. मात्र प्रत्येक क्लिकनंतरची वाट बघणं कमी होत नाही. पॅकेट पोहोचायला लागणारा वेळ तेवढाच राहतो, त्यामुळे गेम खेळण्यासाठी हा खटाटोप करत असाल तर करू नका.

दुसऱ्या कार्डावर छापलेला मॉडेल नंबर आणि सध्याची जंपरची स्थिती इथे लिहा, कुठला हलवायचा ते सांगतो.