गळ टाकायला किनाऱ्यावर पॉप-अप तंबू घ्यायचाय. बर्फावरच्या मासेमारीचा असतो तो चालेल का?

थेट सांगतो, तो नको. तुम्ही लिहिलंय की सुट्टीच्या दिवशी लोकलने भाईंदर, तिथून बसने उत्तन, कधी मढ. दुपारी ऊन सोसवत नाही आणि मिनेसोटाच्या व्हिडिओत एका झटक्यात उघडणारा चौकोनी तंबू पाहिलात. त्याच्या कापडात किंवा शिलाईत खोट नाही. पण त्याचं काम आपल्या गरजेच्या नेमकं उलट आहे: तिथे ऊब आत कोंडायची असते, आपल्याला ती बाहेर घालवायची असते.

त्याची रचना बघा म्हणजे कळेल. चार भिंती आणि एक छत, प्रत्येकाच्या मधोमध हब म्हणजे काड्या जुळणारा सांधा, हबमधून कोपऱ्यांकडे जाणाऱ्या फायबरग्लासच्या चार काड्या. हबचा पट्टा ओढला की भिंत टपकन बाहेर फुगते. तळ नसतो, कारण बर्फाला भोकं पाडून गळ तिथेच सोडायचा. आत हीटर लावतात, म्हणून कार्बन मोनॉक्साइड जायला वर झरोके ठेवलेले असतात. तेवढ्या झरोक्यांवर आपल्याकडच्या मे महिन्यात आत पाच मिनिटं बसून दाखवा! शिवाय दोन-तीन माणसांचा, अस्तर लावलेला तंबू पंधरा किलोच्या आसपास भरतो आणि घडी घातली तरी सव्वा मीटर लांब राहतो. संध्याकाळच्या परतीच्या गर्दीत तो घेऊन डब्यात शिरणं अवघडच.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे खालची झालर. बर्फावर तिच्यावर बर्फ लोटतात, आपण वाळू लोटायची. वाळूत तंबू धरून ठेवायला याहून सोपं काही नाही.

तुमच्यासाठी मी पीळ देऊन मिटणारा, एक बाजू पूर्ण उघडी असलेला बीच शेल्टर सुचवेन. वजन साधारण दोन-तीन किलो, मिटल्यावर मोठ्या परातीएवढी चकती होते, पाठीवर लटकवता येते. त्यातही मागच्या भिंतीला जाळीची मोठी खिडकी हवीच. दुकानात आधी ती उघडून बघा. बोटभर फट असेल तर दुसरा दाखवायला सांगा. कडी, म्हणजे कापड ताणून धरणारं लवचीक कडं, स्प्रिंग स्टीलची असेल तर तिचा जोड चाचपा. प्लास्टिकच्या नळीत घट्ट बसवलेला असला तर ठीक, नुसतं पत्र्याचं कडं दाबलेलं असेल तर खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो आणि एक दिवस टोक कापड फाडून बाहेर येतं. फायबरग्लासला गंज नाही, पण चिरली की तिची कुसळं हातात घुसतात.

आता खरा मुद्दा. उघडायला किती सेकंद लागतात हे सगळे सांगतात. जमिनीला धरून कसा राहील हे कुणी सांगत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन मीटर रुंद, 1.8 मीटर उंच भिंतीवर ताशी 30 किमीचा वारा साधारण 16 किलोचा रेटा देतो. तोच वारा ताशी 45 किमी झाला की रेटा 35 किलोवर जातो. आणि सोबत मिळतात त्या वीतभर लांबीच्या सळया! कोरड्या वाळूत त्या बोटाने उपटता येतात. घरातच ठेवा.

त्याऐवजी दहा किलो तांदळाच्या विणलेल्या प्लास्टिकच्या चार पिशव्या न्या. रिकाम्या असताना खिशात मावतात. ओली वाळू लिटरला दोन किलोच्या जवळ भरते, त्यामुळे पिशवी पाऊण भरली तरी पंधरा किलो होते. तोंड बांधा, दोरी गळ्याशी अडकवा, फूटभर खड्डा करून पुरा आणि वर पाय देऊन दाबा. दोरी तंबूपासून तिरपी, लांब घ्या. सरळ खाली बांधली तर पहिल्याच झुळकीला पिशवी वर खेचली जाते. दोरी पॉलिएस्टरची, 3-4 मिमी. नागदेवी स्ट्रीटला वजनावर मिळते. नायलॉन भिजलं की सैल पडतं.

मढच्या कातळावर पिशव्या पुरता येत नाहीत, तिथे दोरी खडकाला वेढा देऊन बांधावी लागते. कातळावर कालवं असतात. त्यांच्या कडा पात्यासारख्या. वाऱ्याने तंबू हलतो, दोरी घासते आणि तासाभरात धागा धागा सुटायला लागतो. दोरी खडकाला टेकते तिथे बागेच्या पाइपचा हातभर तुकडा ओवा. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तरी चालते.

तोंड कुठे करायचं? पावसाळा सोडला तर आपल्याकडे दुपारी वारा समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून येतो. मासा बघायचा म्हणून तोंड सरळ समुद्राकडे केलंत तर तंबू फुगतो आणि सगळा भार मागच्या शिवणीवर येतो. तोंड नैऋत्येकडे ठेवा: वारा बाजूने जातो आणि रॉडचं टोकही दिसतं. हिवाळ्यात मात्र दुपारचं ऊन त्याच बाजूने आत येतं. त्याला पंचा टांगण्यापलीकडे उपाय नाही. रॉड स्टँड तंबूपासून पाच-सहा मीटर बाजूला रोवा, नाहीतर फेकताना मागे जाणारा गळ कापडातच अडकतो.

भरतीचा हिशेब तिथीवरून करा. तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवसांत भरती ऐन दुपारच्या उन्हात, तंबू तेव्हाच सगळ्यात जास्त लागतो आणि पाणीही तेव्हाच सगळ्यात वर येतं. अष्टमीनंतर पौर्णिमेकडे जाताना भरती रोज आदल्या दिवसापेक्षा वर चढते, त्यामुळे कालच्या भरतीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेघेवर विसंबू नका. तिच्याही बऱ्याच वर, कोरड्या वाळूत बसा. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघाच.

कापडाचं थोडक्यात: आतून चंदेरी लेप आणि यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) 50+ असलं म्हणजे झालं. पाणी अडवण्याचा आकडा 1500 मिमी असला तर अवेळी सरीला पुरतो. त्याहून जास्त आकड्यासाठी पैसे घालू नका, कारण जून ते सप्टेंबर हा तंबू वापरायचाच नाही. त्या वाऱ्यात तो टिकत नाही आणि पावसाळी लाटांत कातळावर बसणं जिवाशी खेळ आहे. मेअखेर किंवा ऑक्टोबरात ढग गडगडू लागले तरी आवरून निघा. कार्बनचा रॉड वीजवाहक असतो आणि तंबू विजेपासून वाचवत नाही.

चेन प्लास्टिकची घ्या. धातूची सरक खाऱ्या पाण्याने हिरवी पडून महिन्याभरात जाम होते.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. अंघोळीच्या बादलीत कडी मावत नाही, तेव्हा न्हाणीत उघडून मग्याने पाणी घाला, कोपऱ्यातली वाळू बोटाने काढा, मग गॅलरीत सावलीत पूर्ण वाळवा. मुंबईच्या दमटपणात ओला मिटलेला तंबू दोन-तीन दिवसांत काळे ठिपके धरतो. पुढे आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होतो, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. त्यावर दुरुस्ती नाही.

मिटण्याची सवय मात्र किनाऱ्यावर नव्हे, घरी करा. कडीच्या दोन बाजू एकत्र आणा, वरचं टोक खाली वाकवा, इंग्रजी आठचा आकार झाला की दोन्ही वर्तुळं एकमेकांवर सरकवा आणि पट्टा लावेपर्यंत गुडघ्याखाली दाबून धरा. चेहरा बाजूला ठेवा. सुटली तर कडी जोरात उसळते.