नवीन बंब आणि बोटी आल्याने पुण्यात खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की अग्निशमन दलात नवीन गाड्या, बोटी येतात, नारळ फुटतो, फोटो छापून येतात, पण आपल्याला त्याचा उपयोग काय. आहे हो उपयोग, खूप आहे, फक्त कुठली गाडी कुठे पोचते ते बघा.

माझे बाबा दलात तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचे पुढारी होते, वर्दी, म्हणजे आगीची खबर आली की जेवण ताटातच राहायचं. मोठ्या बंबात साधारण ५,००० लिटर पाणी मावतं, ऐकायला भरपूर वाटतं, पण एका ब्रँचमधून, म्हणजे होजपाइपच्या टोकाच्या नळीतून, मिनिटाला ४५० लिटर धरलं तरी अकरा मिनिटांत टाकी रिकामी, मग मागून टँकर लागतोच. आणि तुळशीबागेच्या बोळात हा बंब शिरतच नाही. बाबा सांगायचे, गाडी लक्ष्मी रस्त्यावर लावायची आणि होजला होज जोडत आत पळायचं, वाटेतल्या टू-व्हीलर सरकवत. म्हणून छोटी गाडी आली की मला जास्त आनंद होतो. पाणी थोडंच असतं तिच्यात, पण प्रेशरने बारीक तुषार मारते, थेंबांची लगेच वाफ होते आणि ती वाफ होताना उष्णता ओढून घेते, त्यामुळे आग लहान आहे तोवरच दाबता येते.

बोटींचं म्हणाल तर २५ जुलै २०२४ आठवा. खडकवासल्यातून मुठेत ३५,००० क्युसेकच्या वर पाणी सोडलं होतं, सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली, लष्कराला बोलवावं लागलं. माझी मावशी तिथून रबरी बोटीतूनच बाहेर आली. सोसायटीतलं पाणी नदीसारखं मोकळं नसतं ना, खाली बुडालेल्या गाड्या, कंपाउंडची भिंत, केबली, इंजिनाचा पंखा कुठेही अडकतो, मग इंजिन वर घ्यायचं आणि वल्ही मारायची नाहीतर जवान छातीभर पाण्यात उतरून दोरीने ओढतात. त्यामुळे बोट हलकी हवी, चौघांना उचलता येईल अशी, नदीजवळच्या केंद्रात ठेवलेली आणि पावसाळ्याआधी फुगवून तपासलेली.

उंच शिडीच्या गाडीचं तर आपल्याच हातात आहे, तिचे आधाराचे पाय पसरायला बिल्डिंगभोवती मोकळी जागा लागते. आमच्याकडे तिथे सात कार उभ्या असायच्या, दोन मीटिंगांमध्ये भांडलो, आता चेअरमन या शनिवारी तिथे नो पार्किंगचे पट्टे मारून घेतायत.