चाळीस माणसं, दोन कोर्ट आणि एक रविवार

प्रश्न : ताई, आमचं उद्यमबागेत मशीन शॉप आहे, ऑफिस आणि शॉप फ्लोअर मिळून चाळीस जण. दरवर्षी क्रिकेट असतं आणि त्यात तेच बाराजण खेळतात, बाकीचे भडंग खात बसतात. यंदा मालक म्हणाले टेनिस ठेवूया, सगळ्यांची टीम बांधायला. दोन कोर्ट एका रविवारी सकाळी तीन तासांसाठी मिळालेत. पण रॅकेट हातात धरलेले आमच्यात जेमतेम पाच. मी नॉकआउट सिंगल्सचा ड्रॉ काढलाय, कप आणि टी-शर्टची ऑर्डर द्यायचीय. बरोबर चाललंय का?
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

दादा, ऑर्डर द्यायच्या आधी विचारलंत हे लई बरं केलंत. तो ड्रॉ बाजूला ठेवा.

का ते सांगते. नॉकआउटमध्ये एका मॅचला एक माणूस बाहेर जातो, म्हणजे चाळीस जणांत एक विजेता काढायला ३९ मॅच लागणारच. एक मॅच वीस मिनिटांची धरली तरी दोन कोर्टांवर साडेसहा तास होतात आणि तुमच्याकडे आहेत तीन. आणि वेळ मिळाला असता तरी निम्म्याच्या आसपास माणसं आपली पहिलीच मॅच हरून मोकळी होणार, आणि ती कोण असणार तर ज्यांनी कधी रॅकेट धरली नाही तीच, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तीच. मी आधी जिथं कामाला होते तिथं आम्ही अगदी हेच केलं होतं. अकाउंट्समधली एक बाई आठवडाभर घरी भिंतीवर बॉल मारून तयारी करून आली होती, सात मिनिटांत हरली आणि मग साडेअकरापर्यंत झाडाखाली बसून राहिली, पुढच्या वर्षी तिनं नावच दिलं नाही. ते मला आजही लागतं, कारण ड्रॉ मीच काढला होता.

म्हणून माझं एकच म्हणणं, पैसा आणि डोकं दोन्ही माणूस कोर्टवर किती मिनिटं राहतो त्यावर खर्च करा. कप नंतर.

आता कसं करायचं ते बघा. पूर्ण कोर्ट ७८ फूट लांब आणि डबल्सची रुंदी ३६ फूट. लहान मुलांना शिकवायला जे छोटं कोर्ट करतात त्याची लांबी पण ३६ फूटच असते, म्हणजे एका मोठ्या कोर्टात आडवी चार छोटी कोर्टं आरामात बसतात. मधली नेट तशीच राहू दे, आणि कोर्टच्या लांबीच्या दिशेनं मधोमध दोरी ताणा, कमरेच्या जरा खाली, साधारण अडीच फुटांवर, म्हणजे नेटच्या अलीकडं दोन आणि पलीकडं दोन कोर्टं झाली. खडूनं रेघा मारल्या की काम झालं. दुसरं कोर्ट आहे तसं ठेवा, ज्यांना जरा खेळता येतं त्यांच्यासाठी. सगळीकडं डबल्स खेळवलं तर छोट्या चार कोर्टांवर सोळा आणि मोठ्यावर चार, एका वेळी वीस जण खेळतात. उरलेल्या वीस जणांतले काही स्कोअर लिहितील, काही रेघेवर उभं राहून आऊट सांगतील, बाकीचे पाणी पितील.

बारा मिनिटं खेळ, तीन मिनिटं अदलाबदल. आठ राउंड झाले की दोन तास, आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार राउंड म्हणजे ४८ मिनिटं खेळ येतो. उरलेला तास शिकवायला आणि चहाला. पार्टनर दरवेळी चिठ्ठी काढून बदला, जोडी जिंकली की दोघांच्याही नावापुढं एकेक गुण लिहा. मग सीएनसी मशीनवरचा पोरगा आणि परचेसवाले साहेब एका बाजूला येतात आणि साहेबांना त्या पोराचं ऐकावं लागतं. डिपार्टमेंटच्या टीम करू नका. आणि एक मनापासून सांगते, मराठी एकीकडं कानडी एकीकडं असं गमतीत सुद्धा करू नका, आपल्या गावात त्या गमतीला वेळ लागत नाही चिघळायला. सूचना दोन्ही भाषांत द्या. टेनिसची फिफ्टीन-थर्टी-फोर्टी मोजणी पण सोडा, सरळ एक दोन तीन मोजा, ज्याला जी भाषा येते त्यात.

बॉलचं महत्त्वाचं आहे. नेहमीचा पिवळा बॉल नवख्याच्या हाताबाहेर जातो, अर्धा वेळ बॉल आणण्यातच जातो. शिकणाऱ्यांसाठी हळू बॉल मिळतात, लाल सगळ्यात हळू, म्हणजे नेहमीच्या बॉलपेक्षा ७५ टक्के हळू, मग नारंगी ५० टक्के, मग हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. छोट्या कोर्टावर लाल घ्या, मोठ्यावर हिरवा. टी-शर्टचे पैसे इथं वळवा. सर्व्हिस खालून टाकली तरी चालते, ते नियमातच बसतं, कुणी हसलं तर सांगा तसं. गुडघे दुखणाऱ्यांना बॉलचे दोन टप्पे पडले तरी मारू द्या, व्हीलचेअर टेनिसमध्ये दोन टप्प्यांचा नियमच आहे.

आता जपायचं काय. सेफ्टी शूज घालून कुणाला कोर्टवर सोडू नका, सपाट सोलचे बूट हवेत. चाळिशीच्या पुढची माणसं थंड अंगानं एकदम धावली की पोटरीचा स्नायू फाटतो, हे टेनिसमध्ये इतकं नेहमीचं आहे की त्याला टेनिस लेगच म्हणतात, म्हणून पहिली दहा मिनिटं सगळ्यांना चालवा, हळू पळवा. प्रत्येक कोर्टाशेजारी एक बादली ठेवा आणि पडलेला बॉल लगेच त्यात, पायाखाली बॉल आला की घोटा गेलाच. बर्फ आणि ओआरएस ठेवा. नाइट शिफ्ट करून आलेल्याला खेळायचा आग्रह करू नका, त्याला आधीच्या रात्री सुट्टी द्या, मालकांना हे तुम्हीच सांगायला हवं.

तारीख डिसेंबरची धरत असाल तर विधानसभेचं अधिवेशन बेळगावात कधी आहे ते आधी बघा, त्या दिवसांत हॉटेलं भरलेली आणि रस्ते अडलेले असतात. आणि थंडीत पहाटेचं दव कोर्टवर असतं, पाय घसरतो, साडेसातच्या आधी सुरू करू नका.

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेत मिक्स डबल्स ठेवलंय. बायका सहाच आहोत. मागच्या वेळी सगळे पुरुष मुद्दाम आमच्याकडंच जोरात बॉल मारत होते, कारण पॉइंट तिथं मिळतो. यंदा आम्ही नाव द्यावं की नको?
– एक वाचक, निपाणी

नाव द्याच, पण नियम आधी लिहून घ्या. मिक्स डबल्समध्ये ड्यूसला, म्हणजे फोर्टी-फोर्टी अशी बरोबरी झाल्यावर, एकाच पॉइंटवर गेम संपवायचा असला तर पुरुषानं सर्व्हिस केली की पुरुषच घेतो, बाईनं केली की बाई, हा नियम आधीपासून आहे. तुम्ही तो प्रत्येक सर्व्हिसला लावा. आणि प्रत्येक जोडीनं बॉल आळीपाळीनं मारायचा, एकदा तू एकदा मी, टेबल टेनिसच्या डबल्ससारखं. मग एकाच माणसाला हेरून मारताच येत नाही, आणि झाकून खेळणारा पुरुष पार्टनर पण मध्ये घुसू शकत नाही, तो त्रास कमी नसतो. मागच्या वेळचं जे झालं ते मॅनेजरांना ड्रॉच्या आधी सांगा, नंतर नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला आपल्या ऋतुजा भोसलेनं कर्नाटकच्या रोहन बोपण्णाबरोबर मिक्स डबल्सचं सोनं आणलं. पहिला सेट हरल्यावर. तो सामना सगळ्यांना दाखवा, त्यात दोघंही बरोबरीनं खेळलेत.

प्रश्न : आमचं ऑफिस खानापूरला, सप्टेंबरात ठेवलं तर चालेल का? आणि बक्षीस काय द्यावं?
– एक वाचक, खानापूर

सप्टेंबरात खानापूरला नको हो, पाऊस कधी येईल सांगता येत नाही आणि मातीचं कोर्ट भिजलं की तो दिवस गेला. सिमेंटचं असेल तर पाणी ओढून काढता येतं, तरी दिवाळीनंतरच ठेवा. बक्षीस म्हणून कुंदा आणा, मोठा डबा, सगळ्यांत वाटता येईल असा. एक छोटं बक्षीस मात्र वेगळं ठेवा, ज्यानं सगळ्यात जास्त वेगवेगळ्या माणसांबरोबर खेळ केला त्याला.