पॅकियाओचे आठ वजनगट आणि रात्रीचं जेवण

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, वजन 57 किलो. शाळेच्या बॉक्सिंग स्पर्धेत 52 किलोच्या आसपासच्या गटात उतरायचं म्हणून त्याने रात्रीचं जेवण सोडलंय. 'बॉक्सर मॅनी पॅकियाओ आठ वजनगटांत जगज्जेता झाला, तोही वजन असंच हलवायचा,' असं म्हणतो. मॅडम, हे खरं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : दादा, आठ गटांचं खरं आहे, उपाशी राहण्याचं नाही. पॅकियाओ गटागणिक वर चढत गेला. 1995 मध्ये सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला, तेव्हा वजन कमी भरू नये म्हणून खिशात जड वस्तू घालून काट्यावर उभा राहिलो, असं त्याने स्वतःच सांगितलंय. फिलिपिन्सच्या जनरल सँटोस शहरात गरिबीत वाढलेलं पोर, अंगावर मांस कुठून येणार?

1998 च्या डिसेंबरमध्ये त्याने थायलंडच्या चटचाई सासाकुलला आठव्या राउंडमध्ये पाडलं आणि फ्लायवेटचा, म्हणजे 50.8 किलोच्या गटाचा जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, अंग वाढत होतं. पुढच्याच वर्षी त्याला ते वजन गाठता आलं नाही. पट्टा काट्यावरच गेला. मग मेदगोएन सिंगसुरातने तिसऱ्याच राउंडमध्ये पोटावर ठोसा मारून त्याला खाली बसवलं. मुलाला आधी ही लढत दाखवा. पाणी तोडून सुकवलेल्या शरीराला पोटावरचा मार सोसत नाही, हे मी आमच्या हॉलमध्येही पाहते. ओठ फुटलेले, रेनकोट घालून दोरीउड्या मारणारी पोरं दुसऱ्या राउंडला हात खाली सोडतात.

त्यानंतर पॅकियाओ थेट 55.3 किलोच्या गटात गेला. 2001 मध्ये लास वेगासला, जेमतेम दोन आठवडे आधी बदली म्हणून बोलावलेल्या या पोराने त्या गटाचा जगज्जेता लेहलोहोनोलो लेडवाबाला सहाव्या राउंडमध्ये संपवलं. कोपऱ्यात नवा प्रशिक्षक फ्रेडी रोच होता. डावखुऱ्या पॅकियाओकडे डाव्या हाताचा सरळ ठोसा आधीपासून होता; रोचने पुढे उजवा हातही तितकाच कामाचा केला. माझ्या मते त्याची खरी कमाई ती. वजन वाढलं तरी पायांचा वेग त्याने जाऊ दिला नाही. ठोसा मारून तो समोर थांबायचाच नाही, बाजूला निघून कोन बदलायचा.

2008 मधली ऑस्कर डी ला होयाची लढतही दाखवा. डी ला होया उंच, वजनदार, पण वरच्या गटातून 66.7 किलोवर उतरलेला. आठ राउंड मार खाऊन स्टुलावरून उठलाच नाही. पॅकियाओ खालून आला होता, भरपेट खाऊन. 2010 मध्ये मार्गारितोला हरवून त्याने आठवा गट जिंकला.

शिवाय आपल्या हौशी स्पर्धांत वजन लढतीच्या दिवशीच सकाळी करतात. व्यावसायिकांसारखा उतरवलेलं वजन भरून काढायला मध्ये एक दिवस मिळत नाही.

तेव्हा आजपासून भाकरी, डाळ, अंडी, दूध सुरू करा. त्याच्या सरांना भेटून मूळ वजनाच्याच गटात नाव द्यायला सांगा. सर अडून बसले तर ही स्पर्धा सोडा. चक्कर येत असेल किंवा लघवी गडद होत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.