मावशीचं पहिलं लग्न वंशावळीत दिसलं

पत्र: दोन वर्षं खपून मी घराण्याची वंशावळ जमवली, ४१२ माणसं. नातलगांना पाहता यावी म्हणून ती ऑनलाइन सगळ्यांसाठी खुली ठेवली. जुन्या कागदांत मावशीच्या पहिल्या लग्नाचा दाखला मिळाला, तोही जोडला. ते लग्न वर्षभरातच मोडलं होतं आणि तिच्या मुलांना त्याची कल्पनाच नव्हती. आता मावशी माझा फोन घेत नाही. "सगळं काढून टाक," एवढाच निरोप आईकडून आला. जे घडलं तेच लिहिलं, मग माझं चुकलं कुठे? त्यात कुणा अनोळखी माणसाने माझ्या आजोबांची नोंद उचलून त्यांना भलतेच वडील जोडलेत. काय करू?

उत्तर: तुम्ही लिहिलं ते खरं आहे, पण ते चारचौघांत सांगायचा हक्क मावशीचा होता. ती हयात आहे, चूक तिथे झाली. गेलेल्या माणसांबद्दल पुरावा हवा, हयात माणसांबद्दल पुराव्याच्याही आधी परवानगी हवी. शिवाय जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव या गोष्टी बँका ओळख पटवायला विचारतात. त्या उघड्यावर ठेवणं एरवीही धोक्याचंच.

तरी दोन वर्षांचं काम रागाच्या भरात पुसू नका. आज आधी सेटिंगमध्ये जाऊन वंशावळ "खासगी" करा आणि लगेच जेडकॉम (GEDCOM) फाइल, म्हणजे सगळी वंशावळ मजकूररूपात साठवणारी फाइल, उतरवून घ्या. या फायलीत फोटो आणि दाखल्यांची चित्रं सहसा येत नाहीत, फक्त ती कुठे ठेवली आहेत एवढंच येतं. म्हणून चित्रं वेगळी उतरवा. खातं बंद केल्यावर हे लक्षात आलं तर उपयोग नसतो.

आता ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ओळ आकड्याने सुरू होते: ० म्हणजे नवी नोंद, १ म्हणजे त्यातली एखादी घटना, २ म्हणजे त्या घटनेची तारीख किंवा ठिकाण. लग्न मात्र माणसाच्या नोंदीत नसतं. नवरा-बायकोची मिळून एक वेगळी "कुटुंब" नोंद असते, तिच्यात ते असतं. गफलत नेमकी इथे होते. संकेतस्थळं सहसा हयात माणसांची नोंद इतरांपासून झाकतात, मृतांची उघडी ठेवतात. त्यामुळे मावशीला झाकलं तरी पहिला नवरा मृत म्हणून उघडा असेल, तर त्याच्या पानावर लग्न दिसत राहू शकतं. मावशीचं नाव फायलीत शोधा आणि ते जिथे जिथे येईल ती प्रत्येक जागा तपासा. आजीच्या टिपणात "धाकटीचं लग्न अमक्याशी" असं वाक्य असेल, एखाद्या फोटोखाली नाव असेल. आजी गेलेली, म्हणून तिचं टिपण उघडं राहतं आणि हयात लेक त्यात सापडते. ऑनलाइन असलेल्या मूळ वंशावळीत हे सगळं हाताने काढावं लागतं, दाखल्याचं चित्रसुद्धा.

उरलेल्यांकडेही बघा. कोण हयात आणि कोण नाही, हे बऱ्याच ठिकाणी यंत्र अंदाजाने ठरवतं: मृत्यूची नोंद आहे का, नसेल तर जन्माला किती वर्षं झाली. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर ही मर्यादा ११० वर्षांची आहे. जन्मसाल आणि मृत्यूसाल दोन्ही कोरी असली की अंदाज चुकतो. अशी नावं वेगळी काढून त्यांच्यापुढे स्वतः "हयात" अशी खूण करा. ४१२ नावांना एक संध्याकाळ पुरेल.

एवढं झालं की मावशीकडे जा. समक्ष जा, ते जमणार नसेल तर हाताने पत्र लिहा. घरच्या ग्रुपवर माफी नको, त्याने तोच विषय पुन्हा सगळ्यांसमोर येतो. "दाखला तर सरकारी दप्तरात आहेच ना," हे तर मुळीच म्हणू नका. काय काय काढलं ते नेमकं सांगा आणि विचारा: तुझ्याबद्दल काय ठेवू, कुणाला दिसू दे, तुझ्या मागे त्याचं काय करू? ती म्हणेल ते लिहून घ्या. मुलांनी तुम्हाला विचारलं तर "आईलाच विचारा" यापलीकडे एक शब्द नको.

यात इतिहास खोटा होत नाही. तुमच्या संगणकावरच्या खासगी प्रतीत ते लग्न दाखल्यासकट राहू द्या, मावशीने तेही नको म्हटलं तर मात्र तिचं ऐका. एखादी गोष्ट न दाखवणं वेगळं. दुसऱ्या लग्नाला पहिलं म्हणणं, तारीख फिरवणं हे खोटं, ते करू नका.

आजोबांचं प्रकरण त्यामानाने सोपं आहे. आधी वयं मांडा. वडील म्हणून जोडलेला माणूस मुलाच्या जन्मावेळी दहा-अकरा वर्षांचा निघतो किंवा त्याआधीच वारलेला असतो, असं वरचेवर घडतं, कारण बहुतेक जण नुसतं नाव जुळलं की जोडून मोकळे होतात. नाव, गाव, साल आणि आणखी एक नातलग असं चारही जुळल्याशिवाय माणूस तोच समजू नये. तीच चूक दहा वंशावळींत दिसली तरी ते दहा पुरावे नव्हेत, एकाची नऊ जणांनी केलेली नक्कल असते. ०३/०४ अशी तारीख कुणी मार्च वाचतं, कुणी एप्रिल, तेव्हा महिना अक्षरांत लिहा, आणि साल नक्की नसेल तर "सुमारे" लावा.

मग त्या माणसाला दोन-चार ओळींचा निरोप पाठवा: कोणती नोंद, काय चुकलं, पुरावा कोणता. आरोप नको. जिनी (Geni) किंवा विकीट्री या संकेतस्थळांसारख्या, सगळ्यांनी मिळून भरायच्या सामाईक वंशवृक्षात एका माणसाचं एकच पान असावं असा नियम असतो, तिथे पुरावा जोडून दुरुस्ती करता येते किंवा सुचवता येते. ज्याची त्याची स्वतंत्र वंशावळ असेल तर त्याच्या प्रतीला तुम्ही हात लावू शकत नाही. त्याने मावशीचीही नोंद उचलली असेल, तर आजोबांचा विषय बाजूला ठेवून ती आधी काढायला सांगा. दाद दिली नाही तर त्या संकेतस्थळाकडे, हयात व्यक्तीची माहिती परवानगीविना उघड केली आहे, अशी तक्रार करा. ती मावशीच्या नावाने करायची असेल तर आधी तिला विचारा.