ईसीजी नॉर्मल आला, बाई मात्र थरथरतेय

ताई,
मी जी.एन.एम. झालेली आहे. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं स्टाफ नर्स आहे. परवा एक बाई महिन्याभरात तिसऱ्यांदा रात्री दोनला आल्या. वय ३४. छातीत धडधड, श्वास पुरत नाही, हाताला मुंग्या. "मी मरते" एवढंच म्हणत होत्या. तिन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी केसपेपरवर 'ॲन्झायटी' लिहिलं आणि ते वरच्या मजल्यावर गेले. माझ्याकडे २२ पेशंट, सोबतीला एक मावशी. मी म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही, उगाच घाबरता." लगेच त्यांचा नवरा म्हणाला, "बघ, सिस्टरपण तेच म्हणतात. नाटकं बंद कर." त्या गप्प झाल्या, चपला घातल्या आणि गेल्या. तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. मी काय बोलायला हवं होतं? आता माफी मागू का? आणि हे कुणाला सांगितलेलं नाही, पण हल्ली नाइटला निघताना माझीच छाती धडधडते.
– एक सिस्टर, सातारा जिल्हा

अगं, ते वाक्य आपण सगळ्याजणींनी म्हटलंय. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मी तेच म्हणायचे, वर "देवाचं नाव घ्या" हेही जोडायचे. मनोविकार वॉर्डात बदली झाली तेव्हा त्यातली खोट कळली. तुझ्या मनात होतं, हृदयाला काही झालेलं नाही. बाईंना ऐकू आलं, तुम्ही खोटं बोलताय. आणि नवऱ्याला तर आयता साक्षीदार मिळाला.

त्या वेळी त्यांना बरंच काही होत असतं. भीतीने श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, कधी बोटं आखडून हात वाकडा होतो. वाकडा हात बघून बाई आणखी घाबरते, श्वास आणखी वाढतो, आणि दाराशी उभी सासू म्हणते, बाहेरचं लागलंय. यातलं नाटक कुठलं, सांग बरं?

मग बोलायचं काय? "तुम्हाला होतंय ते खरं आहे, मला दिसतंय. याने जीव जात नाही. मी इथेच आहे. थोड्या वेळात उतरेल." बस, एवढंच. डॉक्टरांनी तपासल्यावर, आणि सावकाश.

सायकियाट्रीच्या पेपराला तू पेप्लॉबाईंच्या, म्हणजे त्या अमेरिकन नर्सबाईंच्या, भीतीच्या चार पायऱ्या लिहिल्या असशील: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. आपण त्या पाठ करतो, मार्क घेतो आणि विसरतो. पण कॅज्युअल्टीत त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. सौम्य भीतीत माणूस उलट जास्त सावध असतो, शिकूही शकतो. पॅनिकमध्ये त्याच्या डोक्यात काहीही शिरत नाही. तेव्हा "टेन्शन घेऊ नका, व्यायाम करा, चहा कमी करा" हे सगळं वाया जातं. शिकवायचं ते वादळ उतरल्यावर. वादळात फक्त सोबत द्यायची.

सोबत म्हणजे काय, तेही सांगते. बाईंना आडवं पाडू नकोस, खुर्चीत ताठ बसू दे. पंखा लाव. भोवतीचे पाच नातेवाईक बाहेर काढ, हवा असेल तर एक ठेव. "हात धरू का?" असं विचारून मगच हात धर, काहींना अशा वेळी स्पर्श सोसत नाही. "श्वास घ्या, श्वास घ्या" असं ओरडू नकोस. तो त्या आधीच जास्त घेतायत. श्वास हळूहळू सोडायला सांग, फुंकर घालून चहा निववतो तसा, आणि तूही त्यांच्यासमोर तसाच सोड. आमच्या वेळी तोंडाला कागदी पिशवी लावायचे. ते करू नकोस. दम्याचा किंवा हृदयाचा पेशंट निघाला तर त्याचा ऑक्सिजन आणखी उतरेल. आणि भिंतीवरचं घड्याळ दाखव. असा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला जातो आणि पुढच्या वीसेक मिनिटांत ओसरतो. "दोन-दहाला सुरू झालं, बघू कधी उतरतं" म्हण. मरणाला वेळ लावली की ते थोडं लहान होतं. हे पुस्तकातलं नाही, माझं आहे.

आता तू म्हणशील, २२ पेशंट टाकून अर्धा तास कुठून आणू? बरोबर आहे. आपल्याकडच्या स्टाफिंगवर मी बोलायला लागले तर हे पान पुरणार नाही. पहिली पाच मिनिटं तू स्वतः बस. मग मावशीला बसव आणि काय बोलायचं ते तिला आधीच शिकवून ठेव. काही मावश्या हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात. फक्त "पाच मिनिटांत येते" म्हणालीस तर पाच मिनिटांत ये, नाहीतर म्हणूच नकोस. आणि नातेवाइकांच्या आग्रहाखातर सलाइन लावू नका. बाईंच्या मनात बसतं की सलाइनमुळे वाचले, आणि पुढच्या वेळी त्या सलाइनसाठीच धावतात.

यानंतरचं काम माझ्या मते जास्त मोलाचं आहे, आणि तेच सगळ्यात राहून जातं. श्वास शांत झाला की नवऱ्याला फॉर्म भरायला बाहेर पाठव. मग विचार: हे कधीपासून? झोपेतून उठून होतं का? या भीतीपायी कुठे जाणं सोडलंत? एसटी, बाजार, माहेर? दिवसाला चहा किती? शेजारणीने दिलेली झोपेची गोळी घेता का? घरी मारहाण होते का? जगणं नकोसं वाटतं का? शेवटचे दोन प्रश्न विचारताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. तरी विचार. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं खूळ शिरत नाही, उलट बाई मोकळं बोलते. "नाटकं बंद कर" म्हणणाऱ्या माणसाची बायको रात्री दोनलाच का घाबरते, याचं उत्तर ईसीजीत मिळणार नाही. ते सगळ्या घरी एकच नसतं, म्हणूनच विचारायचं. मारहाण किंवा मरणाचा विचार निघाला तर डॉक्टरांना झोपेतून उठव आणि बाईंना तशाच घरी पाठवू नकोस. बाकी उत्तरं केसपेपरवर लिही, नाडी, बीपी आणि ऑक्सिजनसकट. नुसत्या 'ॲन्झायटी' शब्दावर पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही.

त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला डॉक्टरांना सांग. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जाता येईल. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चिठ्ठीवर लिहून दे. फोनवरून मनाच्या त्रासावर सल्ला देणारी केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का, तेही विचार. गोळ्या सुरू झाल्या तर दोन गोष्टी तूच सांगायच्यास, कारण डॉक्टरांना वेळ नसतो. भीती कमी करणाऱ्या रोजच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला बेचैनी वाढूही शकते. चार दिवसांत "गुण नाही" म्हणून सोडायची नाही. आणि लगेच शांत करणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची सवय लागते. त्या मनाने वाढवायच्या नाहीत, एकदम बंदही करायच्या नाहीत.

एक इशारा मात्र देते. त्या चौथ्यांदा आल्या तरी ईसीजी काढायचाच. 'ही तीच घाबरणारी' म्हणून खुर्चीत बसवून ठेवलेल्या एका बाईंचा हार्ट अटॅक आम्ही जवळजवळ दोन तास उशिरा ओळखला होता. दवाखान्याचं नाव सांगत नाही. त्या वाचल्या, पण असा शिक्का कधी मारायचा नाही, हा धडा मला मिळाला.

आता तुझ्या धडधडीबद्दल. पत्रात तू ती शेवटच्या ओळीत ढकललीस, हेच मला आवडलं नाही. भीती माणसाकडून माणसाकडे जाते, वॉर्डात तर फार लवकर. तू पेशंटसमोर शांत दिसतेस, पण त्याची किंमत कुठेतरी मोजतेस. तुझीही थायरॉइड-हिमोग्लोबिनची तपासणी करून घे, नाइटला किती कप चहा होतो ते मोज. इन्चार्ज सिस्टरांकडून सलग नाइट्स तोडून माग. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर तूही त्याच मनोविकार विभागात केसपेपर काढ. लाज कसली? आणि वॉर्डाच्या कपाटातली गोळी 'आज एकच' म्हणून घेऊ नकोस. मी चांगल्या चांगल्या सिस्टर तिथे अडकलेल्या पाहिल्यात.

माफी मागायची का, असं विचारलंयस. माग. केसपेपरवर नंबर असेल तर डॉक्टरांना सांगून तब्येतीची चौकशी करायला दवाखान्यातून फोन कर, आणि पुन्हा तपासायला बोलाव. आल्या की म्हण, "त्या रात्री मी चुकीचं बोलले. तुमचा त्रास खरा आहे, त्यावर औषध आहे." हे म्हणताना नवरा खोलीत असू दे. बाकीचं विचारायला त्याला नंतर बाहेर पाठव.